ऑक्टापॅडच्या मागं काय चालतंय

बेळगावात गणपती आले की ट्रॉलीवर बँजो पार्टी चढतेच, पुढं बँजो, बाजूला कीबोर्ड आणि मधोमध स्टँडवर तो आठ रबरी पॅडचा काळा डबा. खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही जावा, लग्नाची वरात असूदे नाहीतर गावची जत्रा, ऑक्टापॅडशिवाय बँजोला रंगच चढत नाही. आता बरीच पोरं त्याच्या मागं वेगळी पॅडं पण जोडतात, कुणी पायानं मारायची किक, कुणी स्नेअर, कुणी झांज. आणि ऐन मिरवणुकीत किक मुकी होते, नाहीतर एकदा मारलं की दोनदा वाजायला लागते. मग सगळ्यांचा संशय डब्यावर आणि डबा जातोय दुरुस्तीला. बऱ्याच वेळा डबा चांगलाच असतोय, दोष असतोय वायरमधे किंवा सेटिंगमधे, आणि ते वाजवणाऱ्याला स्वतःला कळायला पाहिजे. म्हणून आज डबा फिरवून मागची बाजू बघू.

पहिलं म्हणजे जोडलेल्या पॅडला स्वतःचा आवाज नसतोय. रोलंड कंपनीनं 1985 साली पॅड-8 नावाचा ऑक्टापॅड काढला त्यात तर डब्यातसुद्धा आवाज नव्हते, मिडीच्या, म्हणजे एका वाद्यानं दुसऱ्याला काय वाजवायचं ते सांगायच्या वायरनं दुसरं यंत्र जोडायचं तेव्हा कुठं वाजायचं. आता आवाज डब्यातच भरून येतात, पण बाहेरच्या पॅडचं काम तेच राहिलंय, मार बसला आणि किती जोरात बसला एवढंच कळवायचं.

हे कळवते ती ही चकती, जवळनं बघा. पितळेचा पातळ गोल पत्रा आणि त्यावर पांढरट सिरॅमिकचा थर, साधारण 27 मिलिमीटरची, हिला पिझो म्हणतात. बझरमधे पण असलीच चकती असते, इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात अगदी थोड्या पैशात मिळते. दाब बसला की वीज तयार होणं हा काही पदार्थांचा गुण, फ्रान्सच्या क्युरी भावांनी 1880 मधे तो दाखवला. पॅडवर काडी बसते, रबर हादरतं, खालचा पत्रा केसभर वाकतो आणि क्षणभराचा विजेचा झटका वायरमधनं डब्यात जातोय. जोरात माराल तर झटका मोठा, हळू माराल तर लहान, डबा तो मोजतोय आणि त्याचा 1 ते 127 मधला एक आकडा करतोय, त्या आकड्यावर आवाज किती मोठा ते ठरतंय.

चकतीवर दोन वायरी डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेल्या असतात, लाल बहुतेक सिरॅमिकवर आणि काळी पितळेवर. सिरॅमिकवरचा डाग फार नाजूक असतोय, किकवर रोज पाय बसतोय त्यामुळं पुष्कळदा वायर तिथंच सुटते. परत डाग देताना सोल्डरिंग गन टेकवायची आणि लगेच उचलायची, तापवत बसलं तर थर खराब होतोय आणि चकती कामातनं जाते.

आता वायर, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे. जॅक पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा, गिटारला असतोय तोच. त्याच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. एक रेघ म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टेरिओ. स्टेरिओचे तीन भाग, टोक, मधली कडी आणि मागचा दांडा. ज्या पॅडला मधे एक आवाज आणि कडेला, म्हणजे रिमला, दुसरा आवाज असतोय, त्यात मधल्या पिझोचा सिग्नल टोकावर येतोय, रिमचा कडीवर, आणि दांडा दोघांचा ग्राउंड. घाईत हाताला लागली म्हणून गिटारची मोनो वायर लावली तर तिच्या दांड्यानं कडी आणि ग्राउंड एकत्र होतात. ज्या पॅडच्या रिमला स्विच आहे तिथं डब्याला वाटतंय रिम कायम दाबलेलंच आहे, मग मधे मारा नाहीतर कडेला, आवाज चुकीचाच, आणि झांज असेल तर हातानं धरल्यासारखी तिथल्या तिथं तुटते. पॅड बिघडलं म्हणून शिव्या देण्याआधी ह्या रेघा बघा राव.

दुसऱ्या कंपनीचं पॅड आणलं तर अजून एक भानगड. काहींच्या रिमला स्विच असतोय, काहींच्या रिमला दुसरा पिझो, आणि डबा एकाच प्रकाराची वाट बघत असेल तर मधलं वाजतंय पण रिम गप्प. डब्याच्या मेनूत पॅडचा टाइप असतोय, तो बरोबर लावला की पुष्कळदा काम होतंय.

एकदा मारून दोनदा वाजतंय त्याचं कारण म्हणजे मार बसल्यावर पॅड लगेच शांत होत नाही, थरथरत राहतंय, आणि ती थरथर डब्याला दुसरा मार वाटते. त्याला मेनूत मास्क टाइम नावाचं सेटिंग असतोय, पहिल्या मारानंतर एवढा वेळ काही ऐकू नको असं सांगायचं. रोलंडच्या ड्रम मॉड्यूलमधे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या आवाजाच्या डब्यात, तो 0 ते 64 मिलिसेकंद. पण वाढवत सुटू नका. 120 च्या टेंपोला, म्हणजे मिनिटाला 120 ठोके असताना, एक ठोका 500 मिलिसेकंदाचा, त्यात आठ मार बसवले तर दोन मारांत अंतर फक्त 62.5, म्हणजे मास्क 64 वर ठेवला तर अशा भराभर वाजवलेल्या रोलमधले अर्धे मार गायब. मग वाजवणाऱ्याला वाटतंय आपला हातच कमी पडला. त्यापेक्षा आधी रिट्रिगर कॅन्सल, म्हणजे थरथरीमुळं परत वाजणं दाबायचं सेटिंग, थोडं थोडं वाढवून बघायचं, आणि मास्क सगळ्यात शेवटी.

ट्रॉलीवर अजून एक त्रास, शेजारी डॉल्बीचा बेस घुमतोय, स्टँड हादरतोय आणि कुणी हात न लावता किक वाजते. तिथं मेनूतला थ्रेशोल्ड वाढवायचा, म्हणजे लहान झटके डबा सोडून देतोय, पण फार वाढवला तर हळू मारलेलं पण जातंय. एक पॅड मारलं आणि दुसरं वाजलं तर ते क्रॉसटॉक, दोन्ही एकाच स्टँडला आवळलेली असतात म्हणून, जमलं तर किक वेगळी जमिनीवर ठेवा, खाली जाड रबर घाला, सेटिंगपेक्षा त्यानं जास्त फरक पडतोय.

आणि पॅडची वायर थेट मिक्सरला कधी लावू नका, नुसती टकटक ऐकू येते, तो आवाज नसून झटका असतोय. पॅड डब्याला, डब्याचं आउटपुट मिक्सरला.

किक मुकी झाली की क्रम असा ठेवा, आधी वायर बदला, मग तीच किक डब्याच्या दुसऱ्या जॅकमधे घालून बघा. तिथं वाजली तर पहिला जॅक बघायचा, खानापूरकडच्या पावसात दमट हवेनं जॅकला गंज धरतोय, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि वायर चार-पाच वेळा आत-बाहेर करा. दोन्हीकडं मुकीच राहिली तर पॅड उघडा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून चकतीच्या दोन वायरींना लावा आणि बोटानं टिचकी मारा. आकडा हलला तर चकती जिवंत आहे, पुढचा डाग किंवा सॉकेट बघायचं, आणि आकडा जागचा हललाच नाही तर नवी चकती आणायची.