बार्शी लाइट : पाच टनांचा हिशेब

श्रोतेहो, महाराष्ट्रातील रेल्वेचा इतिहास सांगायला बसलो की आपण बोरीबंदरहून निघतो, ठाण्याला पोहोचतो आणि फार तर बोरघाट चढून पुण्यात विसावतो. आज मला त्याच्या पुष्कळ पुढे, लातूर, बार्शी, पंढरपूर आणि मिरज यांना जोडणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेविषयी बोलायचे आहे. या गाडीला खेळण्यातली गाडी म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. तिचे लहानपण हा एका कसबी अभियंत्याने काटेकोरपणे मांडलेला हिशेब होता. मात्र त्या हिशेबात एक रक्कम धरायची राहिली, आणि ती पुढे अनेक वर्षे हमालांच्या पाठीवरून वसूल होत राहिली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग 1860 मध्ये सोलापूरला पोहोचला, पण त्याने बार्शीला सुमारे 21 मैल दूर ठेवले होते. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ; तिचा माल बैलगाड्यांतून आजच्या कुर्डुवाडीला, म्हणजे त्या वेळच्या ‘बार्शी रोड’ स्थानकाला, आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता याच कंपनीच्या नोकरीत होता. हे 21 मैल अरुंद रुळांनी जोडावेत ही कल्पना त्याने उचलली, नोकरी सोडली आणि सरकारदरबारी कित्येक वर्षे खेटे घातले. अखेर 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि 1897 मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावू लागली.

या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर होते. परंतु कॅलथ्रॉपचे खरे कर्तृत्व अरुंद रुळांत नव्हते. अरुंद रूळ त्याआधीही अनेकांनी टाकले होते. त्याने लक्ष घातले ते आसावरच्या, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरच्या, भारात. रूळ किती जाड हवा, पूल किती भक्कम हवा, हे संपूर्ण गाडीच्या वजनावर ठरत नाही, तर तिच्या सर्वांत जड आसावर ठरते. सर्वसाधारणपणे इंजिन जड आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, हलक्या असत. त्यामुळे सगळा मार्ग इंजिनापुरता भक्कम बांधावा लागे आणि मागच्या वाघिणींसाठी ती ताकद वाया जाई. कॅलथ्रॉपने नियमच घालून घेतला की इंजिन असो वा भरलेली वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये, आणि शक्यतो कमीही नको. मग दर यार्डाला 30 पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचा रूळ पुरेसा ठरला. इंजिनाला ओढ येण्यासाठी वजन तर लागतेच. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या इंजिनांना आठ चालकचाके आणि त्यांच्या मागे चार आधारचाके बसवली होती. एकूण सहा आस, आणि इंजिनाचे वजन सुमारे 30 टन. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे होते, त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी राहून मालाला अधिक वाव मिळे. ही सारी सामग्री हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून तपासली गेली होती. इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली रेल्वेही कॅलथ्रॉपने याच रुंदीची उभारली. ती 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या नादी लागला. वजनाचा हिशेब तिथेही सुटला नाही.)

बार्शीची गाडी मात्र वाढत गेली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि आषाढी-कार्तिकीच्या यात्रेकरूंची झाली. 1911 मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला गेली. 1927 मध्ये मिरजेला टेकली. एकूण लांबी सुमारे 325 किलोमीटर भरली. इथे तिची अडचण पुरती उघडी पडली. कुर्डुवाडीला मुंबईकडचा रुंद मार्ग होता, तर मिरजेला पुणे आणि कोल्हापूरकडचा मीटरगेज मार्ग. बार्शी लाइटची वाघीण या दोहोंपैकी कोणत्याही रुळावर चढू शकत नव्हती. लातूरची कापसाची गाठ मुंबईला निघाली की कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत हलवायची. कोल्हापूरच्या गुळाची ढेप लातूरला निघाली की तिची उतरवण-चढवण मिरजेला. पोती फाटत, ढेपा फुटत, दिवस मोडत. रुळांवर वाचवलेला पैसा असा जंक्शनांवर, दर पोत्यामागे, थोडाथोडा परत द्यावा लागे. तो भागधारकांच्या खिशातून नव्हे, तर व्यापारी, शेतकरी आणि हमाल यांच्याकडून जाई. तरीही मी कॅलथ्रॉपला दोष देणार नाही. रुंद मार्गाचा खर्च झेपणार नव्हता. हट्ट धरला असता, तर बार्शीच्या वाट्याला आणखी कित्येक वर्षे बैलगाड्याच आल्या असत्या.

1954 मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. रुंदीकरण मात्र फार उशिरा, 2000 नंतर आणि तुकड्यातुकड्यांनी झाले. लातूर ते कुर्डुवाडीचे काम 2008 मध्ये पूर्ण झाले आणि पंढरपूर ते मिरज हा टप्पा त्यानंतर. जुनी गाडी धाराशिवला टाळून येडशीवरून जाई. रुंदीकरणात मार्ग वळवून धाराशिव शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली.

एप्रिल 2016 मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवले गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशीच, म्हणजे बार्शी लाइटच्या वाटेने धावली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. चार आसांच्या एका वाघिणीत 50 हजार लिटर धरले, तर नुसत्या पाण्याचाच भार दर आसावर साडेबारा टन होतो. वाघिणीचे वजन वेगळेच. कॅलथ्रॉपच्या रुळांवर असली वाघीण उभीही राहिली नसती, आणि कुर्डुवाडीला तिच्यातले पाणी उतरवून घ्यायची वेळ आता कोणावर आली नाही.