चिंतेला वेळ ठरवून द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वरच्या दोन खोल्यांत इंदूरच्या भंवरकुव्याला क्लाससाठी जाणाऱ्या मुली राहतात. बऱ्हाणपूर-खरगोनकडच्या. रात्री दीड वाजता गच्चीवर चपला वाजायला लागल्या की मी समजते, कुणाचा तरी पेपर जवळ आलाय. एकीला विचारलं, तर म्हणाली, "काकू, दिवसभर ठीक असतं. आडवं झालं की सगळं डोक्यात सुरू होतं."

'विचार करू नकोस' हा सल्ला मीही पुष्कळ वाटलाय. कुणालाच लागू पडला नाही. नको म्हटलेला विचार दारातच ठाण मांडतो. त्यापेक्षा त्याला वेळ ठरवून द्यावी. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८३ साली हा उपाय मांडला: रोज एका जागी, एकाच वेळी अर्धा तास बसून काळजीच करायची. एरवी ती आली, तर 'तेव्हा बघू' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं.

गच्चीवरच्या त्या मुलीने संध्याकाळचे सहा ठरवले. झोपेच्या तोंडावर ही वेळ ठेवू नये. दिवसा आलेली काळजी ती वहीत एका ओळीत टिपते आणि सहाला पान उभं दुमडून दोन रकाने करते. 'फॉर्मवर फोटो चुकलाय' हे डावीकडे, कारण तिथे काही करता येतं. 'कटऑफ वर गेला तर?' हे उजवीकडे. सकाळच्या काही ओळी सहापर्यंत इतक्या फिक्या पडतात, की तीच काट मारते.

उदासीची गोष्ट वेगळी. उदासी म्हणते, बरं वाटलं की उठू. तिथे उलटं करावं लागतं. आधी उठायचं, बरं वाटणं मागून येतं, कधी बरंच मागून. दुसऱ्या मुलीला मी रोज सकाळी कोपऱ्यावर पोह्यांना नेऊ लागले. पहिले तीन दिवस प्लेट तशीच. चौथ्या दिवशी तिने वरून जिरावण मसाला मागून घेतला.

मात्र दोन आठवडे मन उठतच नसेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. घरी कसं सांगू असं वाटत असेल, तर आधी तिथे बोला. क्रमांक आहे १४४१६. लिहून घ्या, पुन्हा सांगते: १-४-४-१-६.