सूज, रक्त आणि एक गा शब्द

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या आदिवासी समाजाचे पोषण जोखताना वजनकाटा आणि दंडाचा घेर मोजणारी पट्टी यांच्या जोडीला रक्तातली प्रथिनेही तपासतात. काटा असताना रक्त कशाला, हे समजून घेण्यासाठी मी तुम्हाला गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला नेतो.

१९२९ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स तिथे वसाहतीच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या एक ते चार वर्षांच्या कित्येक मुलांचे हातपाय सुजलेले असत, केस विटलेले असत, कातडीचे पापुद्रे निघत आणि मूल सतत किरकिरत असे. वरवर पाहता गुटगुटीत वाटणारी ही मुले दगावत होती, कारण सुजेचे पाणीही काट्यावर वजन म्हणूनच भरते. इतर डॉक्टर याला पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, म्हणत. परंतु तिथल्या गा समाजाच्या भाषेत या दुखण्याला स्वतःचे नाव होते, ‘क्वाशिओरकोर’, म्हणजे पाठचे भावंड आले की थोरल्याला जडणारा आजार. अंगावरचे दूध तुटलेले ते मूल मक्याच्या पेजेवर राहत असे. निदानाचा निम्मा भाग त्या एका शब्दातच होता! विल्यम्स यांनी १९३३ मध्ये या आजाराचे वर्णन छापले आणि १९३५ मध्ये तोच गा शब्द वैद्यकाच्या स्वाधीन केला. माझे तर मत आहे की, पाहणीला निघालेल्या पथकाने सुईच्या आधी त्या समाजातली दुखण्यांची नावे गोळा करावीत. छापील तक्त्यांत त्यासाठी रकानाच नसतो.

आता रक्ताकडे वळू. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. डेसिलिटरमागे साधारण ३.५ ग्रॅमच्या खाली ते बरेच उतरले की पाणी ऊतींमध्ये झिरपू लागते. मात्र अल्ब्युमिन उतरले म्हणजे केवळ उपासमार, असे समजू नये. पुन्हा सांगतो, केवळ उपासमार नव्हे. जंतुसंसर्गातही ते उतरते, म्हणून सोबत संसर्गात वाढणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन पाहावे लागते. शिवाय हिवतापाच्या मुलखात ग्लोब्युलिन हा रक्तातल्या प्रथिनांचा दुसरा गट वाढलेला असतो आणि त्यामुळे एकूण प्रथिनांचा आकडा चांगला दिसतो, म्हणून अल्ब्युमिन वेगळे मोजावे. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचे, तर प्रीअल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाचे दोनच दिवसांचे. त्यामुळे अलीकडचा बदल प्रीअल्ब्युमिन लवकर दाखवते.

हाडांचा सापळा झालेल्या मुलाचे अल्ब्युमिन मात्र कधीकधी जवळजवळ ठीक निघते, त्यामुळे काटा आणि पट्टी बाजूला ठेवता येत नाहीत. सुजेसाठी तर दोन्ही पावलांवर तीन सेकंद अंगठा दाबून खळगा उरतो का, हे आधी पाहतात.