सहीचा रकाना

[दृश्य : सकाळ, त्र्यंबक रोड. कंपनीची बस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं.]

नाशिकमध्ये कारखान्यातली नोकरी म्हटली की नावं ठरलेली. महिंद्रा, मायको, ओझरचं एचएएल. मायकोचं बॉश झालं, तरी मायको सर्कल काही हललं नाही. औषध कंपन्यांचं तसं नाही. ग्लॅक्सोच्या कित्येक औषधांच्या पाकिटावर ‘अंबड, नाशिक’ असा पत्ता असतो. औषध घेणारा तो वाचत नाही, आणि नाशिककरालाही त्याचं फारसं अप्रूप नाही.

या बसमध्ये खिडकीशी बसलेले गृहस्थ नव्वदच्या दशकात या धंद्यात आले. बीएस्सी, केमिस्ट्री. आधी सातपूर, मग अंबड, आता सिन्नर. कंपनीत सगळे त्यांना सर म्हणतात. दोन-चार जुने ऑपरेटर मात्र अजून एकेरीतच हाक मारतात.

[दृश्य : चेंजिंग रूम. मध्ये आडवा स्टीलचा बाक.]

या बाकाच्या अलीकडे घरचे कपडे, घड्याळ, अंगठी. पाय उचलून पलीकडे टाकला की फक्त कंपनीचे बूट. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. आमच्या कॅमेरामनला दाढीसाठी वेगळी जाळी मिळाली. ती घातल्यावर तो कुणाला ओळखू येईना.

[दृश्य : कॉम्प्रेशन मशीन फिरतंय. गोळ्या घरंगळत खाली.]

गोळी होते ती या फिरत्या चकतीत. खाली एक पंच, वर एक पंच, मधल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, वरच्या नरसाळ्यातून, म्हणजे हॉपरमधून आलेले दाणे. दाब बसला की गोळी. पण खरं काम त्याआधीच झालेलं असतं. पावडर चाळायची, चिकटून यावी म्हणून बाइंडर घालून मळायची, वाळवायची, पुन्हा चाळायची. ओल जास्त राहिली तर माल पंचाला चिकटतो. जास्त वाळला तर गोळीची टोपीच उडते. त्याला इथे कॅपिंग म्हणतात. एसीची यंत्रणा कितीही भारी असो, त्र्यंबककडून ढग आले की सर आत शिरताच आधी आर्द्रतेचा मीटर बघतात.

[दृश्य : तराजू. मग पाण्यात वर-खाली होणाऱ्या काचेच्या नळ्या.]

चालू बॅचमधून वीस गोळ्या उचलायच्या, एकेक तोलायची. 250 मिलिग्रॅमच्या वरची गोळी असेल तर सरासरीपासून 5 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याबाहेर जास्तीत जास्त दोन. इकडे 37 अंशाच्या पाण्यात सहा गोळ्या. कोटिंग नसलेली साधी गोळी 15 मिनिटांत विरली पाहिजे.

[दृश्य : बीएमआरचं पान. पेन धरलेला हात.]

आणि हे सगळं इथे उतरतं. बीएमआर, बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, म्हणजे बॅचची जन्मपत्रिका. प्रत्येक पायरीला दोन रकाने : काम कोणी केलं, कोणी तपासलं. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खालचा चुकलेला आकडा वाचता आलाच पाहिजे. खाडाखोड नाही. व्हाइटनरला तर या खोलीत प्रवेशच नाही.

सरांची सगळी नोकरी या पानावर वाचता येईल. सुरुवातीला सही डावीकडच्या रकान्यात. पुढे उजवीकडे. 1945च्या औषध नियमांप्रमाणे उत्पादनावर देखरेख करायला बीफार्मला 18 महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बीएस्सीला तीन वर्षं लागतात. ती भरल्यावर एफडीएची, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता आली. आमच्या मते या धंद्यातली खरी बढती तीच, व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो.

सर आले तेव्हा देशात 1970चा पेटंट कायदा होता. पेटंट औषधावर नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. पद्धत वेगळी शोधा, औषध तेच करा. 1 जानेवारी 2005 पासून ते बंद झालं. दरम्यान बाहेरच्या देशांना माल जाऊ लागला, तिकडचे ऑडिटर कारखान्यात येऊ लागले. ते आधी मशीनकडे जात नाहीत, कागद मागतात. रेघ एक आहे की दोन, ते बघतात.

[दृश्य : संध्याकाळ. गेट. सायकली, दुचाक्या.]

कायम कामगार कमी झाले, कंत्राटी वाढले. नाइट शिफ्टमध्ये सरांचं घरचं बरंच काही हुकलं.

[दृश्य : पुन्हा कॉम्प्रेशन. नवी ट्रेनी, हातात फाइल.]

ही बीफार्म, गंगापूर रोडच्या कॉलेजातली. तिचे 18 महिने आत्ताच सुरू झालेत. वजन खाली-वर का होतंय म्हणून ती सेटिंगच्या चाकाकडे हात नेते. सर काही बोलत नाहीत. बोलतो तो ऑपरेटर.

“मॅडम, चाक नंतर. आधी हॉपरमध्ये माल किती उरलाय, ते बघा.”