समूहाची स्मृती कुठे साठते?

मित्रहो, समाजमाध्यमांवरचे गट आणि चर्चामंच यांची तुलना करताना मी उदाहरण ठाण्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे घेणार आहे, कारण आपल्यापैकी अनेकजण त्यांचे पदाधिकारी आहात. कळव्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत संस्थांचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. विकासकाने जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नसेल, तर १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशे, सदनिकांचे इंडेक्स-दोन (खरेदीच्या नोंदणीचे उतारे) अशी कागदपत्रे कशी जमवायची, हे त्या वाटेने गेलेला एखादा जाणकार सदस्य तपशिलाने लिहितो. संध्याकाळपर्यंत त्या उत्तरावर टँकरची सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पार्किंगचा वाद येऊन पडतो. काही महिन्यांनी दुसरे कोणीतरी तोच प्रश्न विचारते. जाणकार एकदा, दोनदा उत्तर देतो आणि मग गप्प होतो. माझ्या मते गटांमुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे, कारण समुदाय अशाच माणसांच्या उत्साहावर उभा असतो.

चर्चामंचाची रचना याच ठिकाणी वेगळी पडते. तिथे प्रश्नाला शीर्षक असते, त्याखाली प्रतिसाद क्रमाने लागतात आणि चार वर्षांनी कोणी नवी माहिती घातली की तो धागा, म्हणजे प्रश्न आणि त्याखालचे प्रतिसाद, आधीच्या सर्व चर्चेसकट वर येतो. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या मराठी संकेतस्थळावर हे पाहता येते. तिथल्या जुन्या पाककृतींवर आजही कोणी शंका विचारते आणि उत्तर देणाऱ्याला मागचे सगळे वाचता येते. असे उघडे धागे शोधयंत्रातून सापडतात, त्यामुळे कधीही सदस्य न झालेल्या माणसालाही त्यांचा उपयोग होतो. शिवाय वर्षानुवर्षे ‘रोमात’ राहून नुसते वाचणारे लोक एखाद्या दिवशी अचानक नेमके उत्तर लिहितात, ही मला मंचांची फार मोलाची गोष्ट वाटते. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या ठाणे शहराला संग्रहाइतकीच सूचीही महत्त्वाची असते, हे वेगळे सांगायला नको. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये गटाची मर्यादा १०२४ सदस्यांपर्यंत नेली आणि अनेक गट एकत्र बांधणारी ‘कम्युनिटी’ ही सोयही आणली. त्याने माणसे अधिक मावली, पण मजकुराची विषयवार मांडणी झाली नाही.

मालकीचा मुद्दा याहून गंभीर आहे. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. निर्णय कंपन्यांचा होता, लेखन मात्र सदस्यांचे होते. फेसबुकच्या गटात तर कोणती चर्चा कोणाला आधी दिसावी, हेही बहुतांशी कंपनीची गणिती पद्धत ठरवते. पीएचपीबीबी किंवा २०१३ मध्ये आलेले डिस्कोर्स यांसारखी मंच चालवणारी मुक्त स्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवली, तर संपूर्ण मजकुराची प्रत काढून तो दुसरीकडे हलवता येतो.

तरीही गट बंद करा, असे मी म्हणणार नाही. मुसळधार पावसात लोकल थांबल्या, उद्वाहनात कोणी अडकले, तर मंचावर धागा काढून कोणाचे भले होणार? गट प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच असतो. ज्येष्ठांना नवा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. मंचावर माणसे आपोआप येत नाहीत आणि रिकामा मंच पाहून आलेला माणूसही परत जातो. म्हणून संस्थांनी एकत्र येऊन मंच उभारायचा असेल, तर तो उघडण्यापूर्वीच अभिहस्तांतरण, पुनर्विकास, लेखापरीक्षण अशा विषयांवरची तयार उत्तरे, ती लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन, तिथे ठेवावीत. त्यानंतर गटात प्रश्न आला की संबंधित धाग्याचा दुवा द्यावा, आणि गटात नवे उत्तर मिळाले तर ते त्याच आठवड्यात धाग्यात नोंदवावे. हे काम समितीने एका ठरावीक सदस्याकडे सोपवावे, मंचाचा पासवर्ड आणि मजकुराची प्रत मात्र किमान दोघांकडे असावी, आणि कार्यकारिणी बदलताना दप्तराबरोबर त्यांचेही रीतसर हस्तांतरण व्हावे.