पादुआला जाऊनही संत अँथनींची समाधी राहून जाते, ती कशी?

नमस्कार. व्हेनिसच्या व्हिडिओखाली "एका दिवसात पादुआ होईल का?" असे इतक्या दर्शकांनी विचारले आहे, की आज केवळ इटलीतील त्या शहरातील संत अँथनी बॅसिलिका या मोठ्या चर्चविषयी बोलतो. गाडीच्या प्रकारानुसार व्हेनिसहून अर्धा ते पाऊण तास लागतो, स्थानकाबाहेर ट्राम मिळते आणि 'सांतो' थांब्यावरून घुमट फार लांब नाहीत. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, त्या मुद्द्याकडे येतो. समाधी मुख्य वेदीखाली नाही. समोर शिल्पकार दोनातेल्लोची कांस्यशिल्पे असलेली भव्य वेदी दिसते, लोक तेथेच हात जोडतात आणि दर्शन झाले असे समजून बाहेर पडतात. समाधी डाव्या बाजूच्या संगमरवरी दालनात आहे, हे प्रवेश करतानाच लक्षात ठेवावे.

त्या दालनात पोहोचल्यावरही अर्धे काम बाकी असते. भिंतींवर संतांच्या चमत्कारांची नऊ उठावशिल्पे आहेत. त्यांपैकी एकात मेलेल्या कंजुषाची छाती चिरून पाहतात, तर हृदय तेथे नाही, ते त्याच्या पैशांच्या पेटीत सापडते. शिल्पे अवश्य पाहावीत, पण तेथून माघारी फिरू नये. या दालनातल्या वेदीच्या बाजूने वर चढून मागे गेले, की समाधीची गडद शिळा लागते. भाविक तिच्यावर तळहात टेकवतात, कुणी कपाळ टेकवते, तर कुणी आजारी माणसाचे छायाचित्र क्षणभर शिळेला लावते.

"पुढून पाहिले काय नि मागून काय, श्रद्धा महत्त्वाची," असे एका दर्शकाने सुनावले आहे. श्रद्धेबद्दल माझा वाद नाही. परंतु पंढरपूरला मुखदर्शन घेऊन पदस्पर्शाची रांग सोडणाऱ्याला आपल्या घरचे काय म्हणतील, याचा विचार करावा.

माझी दुसरी तक्रार अशी, की दर्शकांच्या प्रतिक्रियांमध्ये हे संत केवळ हरवलेल्या किल्ल्या आणि पासपोर्ट शोधून देणारे उरले आहेत. लिस्बनमध्ये जन्मलेले हे फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघातील) संन्यासी त्या काळचे नावाजलेले प्रवचनकार होते. १२३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि वर्षही पुरे होण्याआधी त्यांना संतपद मिळाले. १२६३ मध्ये अवशेष नव्या चर्चमध्ये हलवताना त्यांची जीभ न कुजलेली आढळली, असे परंपरा सांगते. ती जीभ मुख्य वेदीमागील अवशेषांच्या दालनात सोन्याचा मुलामा दिलेल्या पात्रात ठेवली आहे. त्यांच्या नावाने गरिबांसाठी भाकरीचा निधी देण्याची प्रथाही मोठी आहे, तिच्याविषयी मात्र कुणी विचारत नाही. वसईत आणि गोव्यात संत अँथनींची मंगळवारची प्रार्थना म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

"१३ जूनला जाऊ का?" हा प्रश्न वारंवार येतो. तो त्यांचा स्मृतिदिन असल्याने शहरभर मिरवणूक निघते आणि समाधीची रांग फार लांबते. मिरवणूक पाहायची असेल तर जरूर जावे. शिळेजवळ दोन मिनिटे उभे राहायचे असेल, तर दुसरा दिवस निवडावा आणि सकाळी लवकर पोहोचावे.