मधली चित्रं

(दृश्य: दिव्याच्या टेबलावर झुकलेला हात, कागदांची फडफड)

डाव्या हाताच्या बोटांत अडकवलेले चार-पाच कागद, उजव्या हातात पेन्सिल. काचेखाली दिवा. एका कागदावर मूठ आवळलेली आहे, दुसऱ्यावर ठोसा बसलाय. मूठ तिथवर पोचली कशी, ते मधल्या कोऱ्या कागदांवर यायचंय. बोटं कागद मागे-पुढे फडफडवतात, डोळा हालचाल पकडतो, की लगेच एक रेष. पुन्हा फडफड.

(दृश्य: कामी-इगुसा स्टेशन, ब्राँझचा पुतळा, सायकली)

हे तोक्योचं सुगिनामी. स्टेशनाबाहेर गुंडाम या यंत्रमानवाचा ब्राँझचा पुतळा, आणि आजूबाजूला साधी वस्ती. १९९८ मध्ये सुरू झालेला बोन्झ हा ॲनिमेशन स्टुडिओ याच भागातला. ‘माय हीरो अकॅडेमिया: हीरोज रायझिंग’ हा चित्रपट त्यांचा. दिग्दर्शक केंजी नागासाकी. जपानमध्ये तो लागला २० डिसेंबर २०१९ ला.

(दृश्य: दुकानातली मासिकांची थप्पी)

मूळ गोष्ट इथली. ‘शोनेन जंप’ साप्ताहिक, जाडजूड अंक, खरखरीत स्वस्त कागद. ७ जुलै २०१४ च्या सोमवारी कोहेई होरिकोशी यांची मांगा, म्हणजे चित्रकथा, यात सुरू झाली. त्याआधीच्या त्यांच्या दोन मालिका लवकरच गुंडाळल्या गेल्या होत्या. ही मात्र दहा वर्षं चालली, ४३० प्रकरणं.

हे जगच असं, की दहातल्या आठ जणांकडे काही ना काही अचाट शक्ती आहे. इझुकू मिदोरियाकडे जन्मतः नाही. त्याच्या नावाची अक्षरं ‘देकु’ अशीही वाचता येतात. देकु म्हणजे लाकडी बाहुलं, बिनकामाचा. आपण ठोंब्या म्हणू तसं. त्याचा बालपणीचा सवंगडी बाकुगो त्याला लहानपणापासून याच नावानं चिडवतो. पुढे एक मुलगी म्हणते, मला तर हे ‘गानबारे’सारखं वाटतं. म्हणजे, जोर लाव. पोरगं तेच नाव वीर म्हणून लावतं!

(दृश्य: चित्रपटातला तुकडा, बेट, दोन भावंडं)

चित्रपटात वीर घडवणाऱ्या शाळेतल्या देकुच्या वर्गातली वीस मुलं दक्षिणेकडच्या नाबू बेटावर येतात. गावकऱ्यांच्या बारीकसारीक अडचणी सोडवतात, आणि मग नाइन येतो, दुसऱ्यांच्या शक्ती हिसकावणारा. त्याला इथल्या एका लहान मुलाची शक्ती हवी आहे. शेवटी देकु, त्याला दुसऱ्या वीराकडून मिळालेली सगळी ताकद बाकुगोला देऊन टाकतो. मांगाच्या शेवटासाठी मनात असलेली एक कल्पना होरिकोशींनी या प्रसंगासाठी दिली.

(दृश्य: शेवटची लढाई, फ्रेम थांबवून)

इथे थांबू. फुटलेल्या दगडांकडे बघा. तुकडे वेडेवाकडे असायला हवेत, पण हे चौकोनी ठोकळे आहेत. ही चित्रकार युताका नाकामुरा यांची खूण. रसिक नाव न वाचता ओळखतात, हा तुकडा कुणाचा.

(दृश्य: पुन्हा टेबल, जवळून)

नाकामुरांसारखे चित्रकार मुख्य चित्रं काढतात. सावलीची हद्द निळ्या पेन्सिलीनं, चकाकीची लाल. सोबत एक तक्ता, कुठलं चित्र किती फ्रेम टिकवायचं याचा. सेकंदाला २४ फ्रेम. एरवी एक चित्र तीन फ्रेम धरलं, की सेकंदाला ८ चित्रांत भागतं. मारामारीत वेग वाढला की चित्रंही वाढतात. मग मधली चित्रं दुसऱ्याकडे जातात. कागदाच्या कडेला तीन भोकं, टेबलावर तीन खुंट्या. कागद खुंट्यांत बसला म्हणजे रेष जागची हलत नाही. लाल-निळ्या हद्दीसुद्धा जशाच्या तशा उतरवायच्या. रंग नंतर संगणकावर भरतात, तिथे रेष कुठे तुटलेली चालत नाही, रंग बाहेर वाहतो. म्हणून हे भिंग. अर्धा मिलिमीटर फट, आणि कागद परत येतो.

आम्हाला विचाराल तर ठोसा इथेच आहे.

मधल्या चित्रांचे पैसे बहुतेक ठिकाणी नगावर मिळतात, आणि नवख्याचं त्यात भागत नाही. बरेच जण काही वर्षांत हे काम सोडतात.

(दृश्य: लढाईचा तोच तुकडा, गाणं वर, निवेदन नाही)

(दृश्य: खुंट्यांवर नवा कोरा कागद बसतो. खाली दिवा लागतो.)